उघाडीची फळी

खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे, फार पूर्वी, एक गाव होते. त्या गावची एक मुलगी लहानपणीच राजधानीला गेली, राजाच्या शाळेत शिकली आणि बऱ्याच वर्षांनी परत आली. वाटभर तिने मनाशी एक चित्र रंगवले होते. वेशीवर काहीच न येणारी, धुळीत लोळणारी मुले असतील. ती आल्याचे कळताच आया धावत येतील आणि आपापली मुले तिच्यासमोर आणून बसवतील. ती पहिले अक्षर काढील आणि गाव उजळून निघेल.

प्रत्यक्षात वेशीवर एकच मुलगी होती. नऊ-दहा वर्षांची, बांधावर पाय सोडून बसलेली. ती म्हणाली, "ताई, जरा वर चढून उभ्या राहा. पाणी येतंय."

शिकून आलेल्या मुलीने खाली पाहिले. वाट कोरडी होती. तिला हसू आले आणि ती पुढे चालू लागली. थोडी गेली नाही तोच खाडीचे पाणी वाटेवर पसरले, घोट्याच्या वर चढले आणि राजधानीहून आणलेली एक वहाण तरंगत निघाली. बांधावरच्या मुलीने काठीने ती वहाण ओढून आणून दिली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हते, म्हणून शिकून आलेलीला जास्तच ओशाळल्यासारखे झाले.

"तुला कसं कळलं?"

"खेकडे वर चढले ना," मुलगी म्हणाली, जणू हे विचारायचे कारणच नव्हते.

त्या मुलीचे नाव सगुणी. तिचे घर उघाडीचे घर.

आता उघाडी म्हणजे काय ते सांगायला हवे. त्या गावाची भातशेती खाजणात होती, म्हणजे समुद्राकडून मागून घेतलेल्या जमिनीत. शेतांच्या भोवती मातीचा एक लांब बांध होता. बांधाच्या बाहेर खारे पाणी, आत गोडे. पावसाचे पाणी बाहेर जावे म्हणून बांधात एके ठिकाणी वाट ठेवलेली होती, तीच उघाडी. तिच्या दोन्ही बाजूंना दगडी खांब आणि खांबांना खाचा. ओहोटीला फळ्या काढायच्या, आतले पाणी सोडायचे. भरती यायच्या आत फळ्या खाचांत बसवायच्या, समुद्राला बाहेर ठेवायचे. बांधाचा एकेक तुकडा एकेका घराने राखायचा, त्याला त्या घराचा वाटा म्हणत. उघाडी हा सगुणीच्या घराचा वाटा.

गावात याबाबत एकच नियम होता, आणि तो फार जुना होता. ज्याचा वाटा फुटेल, त्याचे घर उठेल, म्हणजे त्याने गाव सोडायचे. नियम कठोर होता खरा, पण त्याच्याच धाकाने बांध टिकला होता.

शिकण्याचाही नियम तसाच होता. ज्याचे अंगण, त्याची शाळा. सुताराने आपल्या मुलांना सुतारकाम शिकवावे, जाळी विणणाऱ्यांनी जाळी. दुसऱ्याच्या मुलाला काही शिकवणे म्हणजे दुसऱ्याच्या अंगणात तोंड घालणे, आणि त्याहून वाईट वागणूक त्या गावाला ठाऊक नव्हती.

पहिले काही दिवस शिकून आलेली मुलगी अंगणाअंगणांतून फिरली. अज्ञान शोधायला गेली होती, ते काही सापडेना. सुताराचा मुलगा लाकडावर बोटाने टिचकी मारून ते आतून पोखरले आहे की नाही ते सांगत होता. मिठागरवाल्याची मुलगी चिकणमातीचा गोळा मुठीत दाबून ही माती पाणी धरील, ही धरणार नाही असे वेगवेगळे ढीग लावत होती. म्हातारी जाळीवाली आपल्या नातींना गाण्याच्या चालीवर गाठी मोजायला शिकवत होती, आणि गाणे चुकले की गाठ चुकली हे सगळ्यांनाच कळत होते. मुले हुशार होती. शिकून आलेलीला आनंद व्हायला हवा होता. खरे सांगायचे तर तिला थोडे वाईटच वाटले.

पण हळूहळू तिला दुसरेही काही दिसू लागले. सुताराचा तोच मुलगा रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन होड्यांकडे बघत बसे. मिठागरवाल्याच्या मुलीला जाळीवालीचे गाणे पाठ होते, पण ती ते कुंपणाबाहेर उभी राहून म्हणे, आणि कोणी पाहिले की थांबे. आणि सगुणीला अंगण होते, पण अंगणात शिकवणारे कोणी नव्हते. आई तिच्या जन्माच्या वेळीच गेली होती. उघाडी राखणारा बाप गेल्या शिमग्यानंतर तापाने गेला. ती एकटी राहत होती, एकटी फळ्या काढत होती आणि लावत होती. बापाला लांबून बघून जेवढे उचलले होते तेवढ्यावर.

शिकून आलेली मुलगी नुसती आली नव्हती. राजाने तिच्या हाती तांब्याची मुद्रा दिली होती आणि एक हुकूम. मुद्रा उमटवून तिने गावात राजाची शाळा उघडावी. जो मूल पाठवणार नाही त्याला दंड करावा. नाहीतर मुद्रा परत पाठवावी आणि या गावाला शाळेची गरज नाही असे कळवावे, म्हणजे राजा पुन्हा कधी विचारणार नाही. श्रावणातल्या पुनवेनंतर समुद्र खुला होतो. तेव्हा येणाऱ्या पहिल्या शिडाच्या मचव्याबरोबर उत्तर जायचे होते.

दंडाचा हुकूम वापरायची वेळ येणार नाही, अशी तिची खात्री होती. तिने उघाडीजवळच्या मोकळ्या उंचवट्यावर नारळाच्या झापांचा एक मांडव घातला. त्या जागेवर कोणत्याच घराचा वाटा नव्हता, म्हणून कोणी अडवलेही नाही. पाटी-लेखणी मांडून ती बसली. एकटी सगुणी आली.

दुसऱ्या दिवशीही एकटी सगुणी आली. गाव त्यांना जाता-येता बघत होते. लोक तिला पंतोजीबाई म्हणू लागले. नाव आधी चेष्टेने पडले, पण पडले ते पडलेच. राजाची शाळा म्हणजे भलतीच मोठी असते, असे होडीवाला म्हणाला, एका पोरीला अख्खा पंतोजी लागतो.

एकदा म्हातारी जाळीवाली मांडवाशी येऊन बसली. पंतोजीबाईंना वाटले, आता गाव वळू लागले. त्यांनी उत्साहाने राजाची पोथी उघडली, त्यातला उंच पर्वत दाखवला, पर्वतावरचे बर्फ दाखवले. म्हातारीने सगळे नीट पाहून घेतले.

मग तिने विचारले, "यात आपलं गाव कुठे आहे गं?"

पंतोजीबाईंनी पाने उलटली. किनाऱ्याचे पान सापडले. त्यावर लिहिले होते, "येथील जमीन खारवट व ओसाड असून तेथे काही पिकत नाही." त्यांनी ते वाचून दाखवले, कारण त्यांना खोटे बोलता येत नव्हते. म्हातारीने पोथी मिटवून बाजूला सारली. उठताना तिने पदराखालून कसलेतरी गाठोडे काढून ठेवले.

"खाजणातला तांदूळ आहे," ती म्हणाली. "ओसाडातला. शिजवून खा."

त्या दिवसापासून मांडवाकडे कोणी चेष्टेलाही फिरकले नाही.

सगुणी मात्र येत राहिली. अक्षरे ती भराभर शिकली. एकदा पंतोजीबाई तिच्या घरी गेल्या तेव्हा पडवीत जाड फळ्यांचा एक ढीग होता आणि त्यावर कोंबड्या बसल्या होत्या. या कसल्या म्हणून त्यांनी विचारले. सगुणी म्हणाली, ठाऊक नाही. बाबा म्हणायचा, मोठी झालीस की सांगीन. तुमच्या पोथीत असेल का उघाडीचं? पंतोजीबाईंनी तिला प्रेमाने सांगितले की आधी बाराखडी पुरी होऊ दे, मग बाकीचे. सगुणीने मान हलवली आणि कोंबड्या हाकलल्या.

पुनव जवळ आली. पंतोजीबाईंची झोप उडाली होती. एका मुलीची शाळा घेऊन राजाला काय उत्तर द्यायचे? ज्या मुलांनी कुंपणाबाहेर उभे राहून गाणी शिकायची त्यांचे काय? शेवटी त्यांनी ठरवले की दंड तर दंड. आज रागावतील, उद्या यांचीच मुले दुवा देतील. त्यांनी गावकराला, म्हणजे गावच्या मुख्य माणसाला, निरोप दिला, आणि पुनवेच्या दिवशी सकाळी सगळे गाव चव्हाट्यावर जमले.

गावकर शांत माणूस होता. त्याने हुकूम ऐकून घेतला आणि मग विचारले, आमच्या मुलांना काय येत नाही असं तुम्हाला वाटतं? पंतोजीबाई म्हणाल्या, त्यांना पुष्कळ येतं, पण ज्याला जे शिकायचं आहे ते शिकता येत नाही. सुताराच्या मुलाला होडी हाकायची असेल तर?

"तर त्याने होडीवाल्याच्या घरी जन्म घ्यायला हवा होता," सुतार म्हणाला, आणि लोक हसले. त्याचा मुलगा हसला नाही.

गावकर हसणाऱ्यांना थांबवून म्हणाला, "बाय, तू आमचीच आहेस म्हणून सांगतो. राजाने शिकवलेलं पोर राजाचं होतं. आज तो अक्षर शिकवील. उद्या पोथीतून सांगेल, तुमची जमीन ओसाड आहे. परवा पोरांनाच ते खरं वाटेल, आणि बांध कोण राखणार?"

या बोलण्यात तथ्य होते आणि पंतोजीबाईंना ते कळतही होते. म्हणूनच त्यांचा आवाज चढला. मुले आईबापांची खरी, पण नुसती आईबापांची नाहीत, असे त्या म्हणू लागल्या. कुणाचे अंगण मोठे, कुणाचे लहान, कुणाला अंगणच नाही, आणि मूल काही जन्माआधी घर निवडून येत नाही. होडीवाला म्हणाला, मग राजाने येऊन आमची जाळीही ओढावी. कोणी काही, कोणी काही बोलू लागले.

तेवढ्यात सगुणी धावत आली. गर्दीतून वाट काढत ती गावकरापाशी पोचली आणि म्हणाली, उघाडी दणदणतेय, फळ्या हलतायत. गावकराने तिला हाताने बाजूला केले. मोठी माणसं बोलतायत, तो म्हणाला. ती पंतोजीबाईंकडे वळली.

"थांब जरा," पंतोजीबाई म्हणाल्या. "तुझ्यासाठीच भांडतेय मी."

सगुणी क्षणभर थांबली. मग एकटीच परत पळत गेली.

ती पुनव साधी नव्हती. वर्षातले सगळ्यात मोठे उधाण श्रावणातल्या त्याच भरतीला येते. सगुणीने रोजच्यासारखी फळ्यांची एक रांग लावली होती, आणि ती एक रांग आता समुद्राच्या भाराने वाकत होती. पोरीने पडवीतल्या जाड फळ्या आठवल्या. एकटीने त्या ओढत आणल्या, पण कुठे लावायच्या, कशा लावायच्या, हे तिला कुणी सांगितलेले नव्हते. तिने त्यातली एक उलटी लावली. पाण्याने ती फळी काडीसारखी उडवली आणि सगुणीलाही. ती दगडी खांबाला मिठी मारून राहिली.

मुले कुणाची यावर चव्हाट्यावर वाद चालू असतानाच उघाडी फुटल्याचा आवाज आला. गावातल्या प्रत्येक माणसाला तो आवाज कसला ते कळले. सगळे धावले.

जाळीवालीने जाळे टाकले आणि तिच्या नातींनी सगुणीला जाळ्यात धरून ओढून काढले. मग जे झाले ते पंतोजीबाई कधी विसरल्या नाहीत. सुताराने वाहून जाणाऱ्या फळ्या अडवल्या. उतरती कड समुद्राकडे, तो ओरडला, मीच केल्यात या, उधाणाच्या दुसऱ्या रांगेसाठी. मिठागरवाला म्हणाला, दोन रांगांच्या मध्ये माती ठासायची, दरसाल हिचा बाप माझ्याच वाफ्यातली निळी माती टोपल्या भरून न्यायचा. होडीवाला म्हणाला, थांबा, पाण्याचा जोर आत्ता मोडेल, मोडला की लगेच टाका. प्रत्येकाला थोडेथोडे ठाऊक होते. सगळे मिळून जे जमायचे ते एकाच माणसाला येत होते, आणि तो शिमग्यानंतर गेला होता.

उघाडी बंद झाली, पण उशीर झाला होता. खालच्या अंगाच्या शेतांत हिरव्यागार भातावर खारे पाणी उभे राहिले. खारे पाणी प्यालेली जमीन दोन-तीन पावसाळे भात देत नाही, हे तिथे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असते.

संध्याकाळी गावकर सगुणीच्या दारात आला. त्याने वहाणा काढल्या. तिच्या बापाबरोबर तो एका ताटात जेवलेला होता. त्याने सांगितले की वाटा फुटला आहे, आणि नियम एकासाठी बदलला तर उद्या कुणीच बांध राखणार नाही. मग तो पंतोजीबाईंना म्हणाला की उद्याच्या मचव्याने पोरीला राजधानीला न्या. तुमच्यासारखी शिकेल, सुखी होईल. त्याने हे मनापासून सांगितले. बाकीच्यांनाही ते पटले. कुणाच्या छातीवर पोरीचे ओझे राहणार नव्हते.

पंतोजीबाईंनाही क्षणभर ते पटले. त्यांनाही असेच कुणीतरी नेले होते आणि त्या शिकल्या होत्या. हुकूम हातात होताच. सगुणीला न्यायचे, उरलेल्या गावाला दंड करायचा, आणि राजाला सांगायचे की काम झाले.

सगुणी बांधावर बसली होती, पहिल्या दिवशी बसली होती तशीच, फक्त हाताला पट्टी होती. पंतोजीबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि त्यांनी तिला राजधानीबद्दल सांगितले. मोठी शाळा, दगडी वर्ग, पुस्तकांच्या खोल्या. सगुणीने सगळे ऐकले.

"तिथे समुद्र आहे?"

"नाही."

"मग तिथे मी काय करू?" थोड्या वेळाने ती म्हणाली, "मला उघाडी शिकायचीय. इथे कुणी शिकवत नाही आणि तिथे उघाडीच नाही."

खाली ओहोटीचे पाणी परतत होते आणि खेकडे चिखलात उतरत होते. पंतोजीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. दुपारी आपण जिला थांब म्हणालो तिच्यासाठीच आपण भांडत होतो, हे त्यांच्या मनातून जाईना. गावाने तिला शिकवले नाही, कारण ती दुसऱ्याच्या अंगणातली. राजाने शिकवले नाही, कारण तो आलाच नव्हता. आणि आला तेव्हा बर्फाचा पर्वत घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. उघाडी नीट करायला सगळे गाव जमले होते. मचवा धक्क्याला लागला होता आणि नावाडी उत्तर न्यायला वर आला होता. सगुणी आपले बोचके घेऊन उभी होती. बोचके फार लहान होते.

पंतोजीबाई पुढे आल्या. त्यांनी गावकराला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "नियम मला मान्य आहे. ज्याचा वाटा फुटला त्याने जावं. पण काल फुटला तो वाटा सगुणीचा नव्हता."

"मग कुणाचा?" गावकराने विचारले.

"ज्या घरात शिकवणारं कुणी उरलं नाही, त्या घराचा वाटा राजाचा. तो त्याने राखला नाही. इतकी वर्षं इकडे फिरकलाच नाही. तेव्हा गाव सोडायचं तर राजाने सोडावं."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. म्हातारी जाळीवाली म्हणाली, "राजा इथे कुठे आहे, बाय?"

"त्याच्या वतीने मी आहे," पंतोजीबाई म्हणाल्या. "आणि मी गेले तर तो वाटा पुन्हा मोकळाच राहील, म्हणून मी जाणार नाही. त्याची चूक मी इथे राहून भरून काढीन."

गावकराने खाली पाहिले, मग शेताकडे पाहिले, मग विचारले, "आणि दंड? आमची पोरं ओढून नेणार?"

पंतोजीबाईंनी दंडाचा हुकूम काढून नावाड्याच्या हातात दिला. पोथीतले किनाऱ्याचे पानही फाडून दिले आणि त्यावर जाळीवालीने दिलेल्या तांदळाची एक पुरचुंडी ठेवली. "राजाला सांगा, हे पान चुकलंय. आणि दंड इथे नको." मग त्या गावाकडे वळल्या. "अंगणं तुमची. ज्याला अंगणात शिकायचं त्याने अंगणात शिकावं, वाटलं तर इथेही यावं. पण ज्याला अंगण नाही, किंवा आपलं सोडून दुसरं काही शिकायचंय, त्याला या मांडवातून कुणी उठवायचं नाही. राजाचा हुकूम एवढाच, आणि एवढा मात्र पाळायचा."

त्यांनी कमरेची तांब्याची मुद्रा काढली. मांडवाच्या जोत्यावर उघाडीसाठी आणलेली ओली निळी माती थापलेली होती. त्या मातीत त्यांनी मुद्रा दाबली.

गावकर त्या ठशाकडे बघत राहिला. तो हो म्हणाला नाही. पण त्याने वाकून सगुणीच्या हातातले बोचके घेतले आणि तिच्या घराच्या पायरीवर नेऊन ठेवले.

सुतार अजून तिथेच उभा होता. हातात कालची जाड फळी. तो मांडव बघत होता, जमीन बघत होता.

"पंतोजीबाई," त्याने विचारले, "हे अंगण कुणाचं?"

"कुणाचंच नाही."

"म्हणजे इथे बोललं तर कुणाच्या अंगणात तोंड घातल्यासारखं होणार नाही."

"नाही होणार."

सुताराने आणखी थोडा विचार केला. मग फळी जोत्याला टेकवून ठेवली आणि उकिडवा बसला.

"सगुणे, इकडे ये. ही उतरती कड कुणीकडे करायची?"

"समुद्राकडे," सगुणी म्हणाली. कालच ऐकले होते.

"का?"

ते तिला ठाऊक नव्हते. ती फळीजवळ बसली आणि कडेवरून हात फिरवू लागली. सुताराचा मुलगाही बापाशेजारी येऊन बसला, पण त्याची नजर होडीवाल्याकडे होती. मिठागरवाल्याची मुलगी मातीचा गोळा दाबत मांडवाच्या कडेला उभी होती. जाळीवालीने तिला दंडाला धरून आत ढकलले.

पंतोजीबाईंनी पाटी घेतली आणि मुलांच्या ओळीत, सगुणीच्या मागे, जाऊन बसल्या. कारण उतरती कड समुद्राकडे का करायची हे त्यांनाही ठाऊक नव्हते.

तात्पर्य: आपापला बांध घराघराने राखावा, त्यात राजाने तोंड घालू नये. पण ज्या मुलाला राखायला कुणी नाही त्याचा वाटा राजाचाच, आणि तो मोकळा राहिला तर समुद्र कुणाचे शेत ते पाहून आत शिरत नाही.